पाचर : एका काठीचा इतिहास



आपल्या शाळेत सुतारकाम शिकविणारे आणि आम्हा सर्वांना केवळ 'गुरुजी' या नावानेच ठाऊक असलेले जे शिक्षक, त्यांच्या स्मरणार्थ चालणाऱ्या या व्याख्यानमालेत बोलण्याचे निमंत्रण मिळाले, तेव्हा संयोजकांची अपेक्षा उघड होती. जन्मभर मराठीचे अध्यापन केलेला माणूस संतवाङ्मयावर बोलेल, नाही तर सयाजीराव महाराजांच्या काळातील ग्रंथनिर्मितीवर बोलेल. मी विषय कळविला तो गोल्फ या खेळातील एका काठीचा. दुसऱ्याच दिवशी चिटणीसांचा दूरध्वनी आला. "सर, वाचताना माझी काही चूक तर होत नाही ना?" असे त्यांनी फार अदबीने विचारले. चूक होत नव्हती. हा विषय गुरुजींच्याच विषयाला लागून आहे, तो कसा ते आता सांगतो.

त्या काठीचे इंग्रजी नाव 'वेज'. वेज म्हणजे पाचर. पाचर हा शब्द आपल्या भाषेत फारसा प्रतिष्ठित नाही. कोणी चांगल्या चाललेल्या कामात अडथळा आणला, तर 'त्याने पाचर मारली' असे आपण म्हणतो. पंचतंत्रातील ते माकड अर्धवट चिरलेल्या ओंडक्यातली पाचर उपसायला गेले आणि प्राणास मुकले. तेथेही सुतार जेवायला गेलेले आहेत आणि पाचर मागे राहिलेली आहे. पण सुताराला विचारा. पाचरेवाचून त्याचे पान हलत नाही. जुन्या लाकडी रंध्यातले पाते धरून ठेवते ती पाचरच. एका बाजूला जाड, दुसऱ्या बाजूला निमुळती, आणि तिरप्या अंगाने सरळ जोराची दिशा बदलणारी. खाली मारलेला घाव ती बाजूला वळविते. गोल्फमधील पाचर तोच घाव वर वळविते. यंत्रशास्त्राच्या दृष्टीने दोन्ही एकाच कुळातल्या.

मी स्वतः गोल्फ खेळलेलो नाही. लक्ष्मीविलास राजवाड्याच्या आवारात १९३०च्या दशकात प्रतापसिंहराव महाराजांनी युरोपीय पाहुण्यांसाठी मैदान तयार करविले होते आणि १९९०च्या दशकात त्याचे नूतनीकरण होऊन ते इतरांसाठीही खुले झाले, एवढे वडोदऱ्यात राहणाऱ्या माणसाला ऐकून माहीत असते. निवृत्तीनंतर माझा एक माजी विद्यार्थी मला तेथे घेऊन गेला. त्याने माझ्या हातात एक आखूड, जड, चपट्या तोंडाची काठी दिली आणि समोरच्या उंचवट्यावरून चेंडू पलीकडे टाकायला सांगितले. मी चेंडूच्या खाली काठी घालून तो उचलण्याचा प्रयत्न केला. चेंडू हातभर सरपटला. दुसऱ्या खेपेस मातीचे ढेकूळ उडाले, चेंडू जागेवरच. शेजारी उभा असलेला, पिशवी वाहणारा पोरगा काही वेळ गप्प राहिला आणि मग गुजरातीत म्हणाला की, काका, तुम्ही उचलू नका. तुम्ही खाली मारा, उचलायचे काम काठी करील.

ते वाक्य मी घरी घेऊन आलो, आणि त्यापुढचे काही महिने या काठीची कुळकथा शोधण्यात गेले.

गोल्फच्या काठीचे तोंड लंबरेषेपासून किती मागे कललेले आहे, याला 'लॉफ्ट' म्हणतात. लांब पल्ल्याच्या काठीत हा कल दहा अंशांच्या आसपास असतो. पाचरेत तो पंचेचाळीसपासून साठ अंशांपर्यंत, क्वचित त्याहूनही पुढे जातो. आपण लहानपणी गलीवर आडवी ठेवलेली विटी दांडूने कोलत असू. तेथे दांडू विटीखाली घालून उचलावाच लागे. माझी चूक तीच होती. मी गोल्फचा चेंडू कोलायला गेलो. येथे काठी उतरत्या मार्गाने चेंडूवर येते, चेंडू तिच्या कललेल्या तोंडावर क्षणभर वर सरकतो, उलट गिरकी घेतो, उंच जातो आणि पडल्यावर फार पळत नाही. होलजवळच्या शंभर पावलांत हाच गुण मोलाचा असतो.

हे आज सोपे वाटते. पण स्कॉटलंडात १७४४ साली लीथ येथील मंडळींनी या खेळाचे तेरा नियम लिहून काढले, तेव्हा असे फटके नव्हते म्हटले तरी चालेल. कारण चेंडू. तो चामड्याच्या पिशवीत पिसे ठासून शिवलेला असे. करायला वेळ लागे, किंमत भारी, आणि लोखंडी काठीचा एक चुकार घाव बसला की शिवण उसवली. म्हणून काठ्या बहुतेक लाकडी. होलजवळ जाण्यासाठी 'बॅफी' नावाचा आखूड, बराच कललेला लाकडी चमचा वापरीत. लोखंड बाहेर निघे ते नाइलाज म्हणून : चेंडू वाळूत रुतला किंवा गाडीच्या चाकोरीत जाऊन बसला तर. चाकोरीतल्या चेंडूसाठी एक लहान, गोल तोंडाची लोखंडी काठी असे. पुढे तिच्याच वंशात 'निब्लिक' आली, आणि आजच्या पाचरेचे मूळ आपल्याला तेथे सापडते. म्हणजे ही काठी जन्मली ती संकटातून बाहेर पडण्यासाठी, चढाईसाठी नव्हे.

१८४८च्या सुमारास गटापर्चा या मलायाकडील झाडाच्या चिकापासून केलेला चेंडू आला. तो स्वस्त होता, आणि लोखंडाचा मार खाऊन टिकत होता. एका झाडाच्या चिकाने स्कॉटलंडातील काठ्या बदलून टाकल्या, ही गोष्ट मला कोणत्याही शूर खेळाडूच्या चरित्राइतकीच महत्त्वाची वाटते. मग ज्याला 'धाकटा टॉम' म्हणतात तो टॉम मॉरिस (१८५१–१८७५) याने चाकोरीतली ती काठी चांगल्या गवतावरही वापरून चेंडू उंच टाकण्याची रीत पाडली, असे श्रेय त्याला दिले जाते. चार वेळा त्याने ओपन स्पर्धा जिंकली आणि चोविसाव्या वर्षी तो गेला. १८९४ साली सँडविच येथे जिंकणाऱ्या जे. एच. टेलरने 'मॅशी' या काठीने चेंडू थेट ध्वजाजवळ नेऊन थांबविण्याची कला अशी दाखविली की, संकटातली काठी आता चढाईची झाली.

येथून वादाला सुरुवात होते, आणि मला खरे सांगायचे आहे ते या वादासंबंधी. कौशल्य हातात असावे की हत्यारात? हत्यारात किती असलेले चालेल?

विसाव्या शतकाच्या आरंभी रबराच्या धाग्यांचा गाभा असलेला हॅस्केलचा चेंडू रूढ झाला. तो लांब जाई, पण थांबेना. त्याला थांबविण्यासाठी काठीच्या तोंडावर ठिपके आणि रेघा कोरण्यात येऊ लागल्या. १९२१ साली सेंट अँड्र्यूज येथे त्याच गावी जन्मलेला, पण अमेरिकेत स्थायिक झालेला जॉक हचिसन खोल खाचा पाडलेल्या काठ्या घेऊन आला. त्याचे चेंडू हिरवळीवर पडताच जागच्या जागी थांबत. रॉजर वेदरेड या हौशी खेळाडूशी त्याची बरोबरी झाली, आणि निर्णायक फेरीत हचिसन जिंकला. त्यानंतर लवकरच तशा खाचांवर बंदी आली. जिंकलेला चषक मात्र कोणी परत मागितला नाही, कारण जिंकला त्या दिवशी तो नियमबाह्य नव्हता.

दहा वर्षांनी तोच प्रकार. टेक्सासमधील एका गृहस्थाने खोलगट तोंडाची, अतिशय जड अशी काठी केली. वाळूतून चेंडू जणू पळीने काढावा तसा निघे. हॉर्टन स्मिथ ती वापरीत असे. बॉबी जोन्सने १९३० साली हॉयलेक येथे ओपनच्या शेवटच्या फेरीत सोळाव्या होलवर वाळूतून तिनेच चेंडू काढला आणि तो होलपासून दोन-तीन बोटांवर नेऊन ठेवला. त्या एका वर्षात त्याने चारही मोठ्या स्पर्धा जिंकल्या. खोलगट तोंडामुळे चेंडूला दोनदा स्पर्श होतो, या कारणास्तव १९३१ मध्ये ती काठी बाद ठरली.

आता आपण सुताराच्या मुलाकडे येऊ.

त्याचे मूळ नाव युजिनिओ साराचेनी. जन्म १९०२, न्यूयॉर्कजवळ, इटलीतून आलेल्या कुटुंबात, वडील सुतार. आठव्या वर्षापासून तो धनिकांच्या पिशव्या वाहू लागला. खेळाडू म्हणून वृत्तपत्रात नाव छापून आले, तेव्हा हे तर एखाद्या व्हायोलिनवादकाचे नाव वाटते असे म्हणून त्याने ते बदलून जीन सॅराझेन केले. १९२२ मध्ये, विशीतच, त्याने अमेरिकेची ओपन स्पर्धा जिंकली. पुढे दहा वर्षे तो चांगला खेळत राहिला, पण वाळूत चेंडू गेला की त्याच्या पोटात गोळा येई. त्यावेळची निब्लिक पातळ काठाची होती. वाळूत ती नांगराच्या फाळासारखी खोल जाऊन बसे.

१९३१-३२च्या हिवाळ्यात तो फ्लोरिडात राहत होता. हॉवर्ड ह्यूज या धनाढ्य वैमानिकाबरोबर विमानात बसला असता त्याच्या ध्यानात आले की, विमान वर चढताना शेपटी खाली झुकते. मागचे अंग खाली गेले की पुढचे वर येते. घरी येऊन त्याने निब्लिकच्या तळव्याला शिशाचा डाग देत देत मागची कड जाड आणि पुढच्या कडेपेक्षा खाली असलेली केली. मग वाळूत तासन् तास फटके मारायचे, तळवा कानशीने घासायचा, पुन्हा डाग द्यायचा.

येथे मला रंधा आठवला. रंध्याचे पाते धारदार असते, पण लाकूड किती खायचे हे ठरवितो तो रंध्याचा तळ. तळ नसेल तर पाते रुतून बसेल. सॅराझेनने काठीला तळ दिला. आता ती चेंडूच्या दोन बोटे मागे वाळूत शिरे, पण रुतत नसे. होडीसारखी सरकून वर येई. चेंडूला तिचा स्पर्शही होत नाही. वाळूची एक गादी उठते आणि चेंडू तिच्यावर बसून बाहेर येतो. या गुणाला गोल्फवाले 'बाउन्स' म्हणतात. लॉफ्टची चर्चा पुष्कळ होते, पण माझ्या मते पाचरेचा खरा शोध हा तळव्याचा शोध आहे. सॅराझेनच्या आधी कोणी असे केलेच नव्हते असे नाही. पण जगाने ते पाहिले ते त्याच्या हातात.

१९३२ मध्ये तो ही काठी घेऊन इंग्लंडात सँडविचजवळच्या प्रिन्सेस मैदानावर उतरला. जोन्सच्या काठीचे काय झाले ते त्याला ठाऊक होते. म्हणून सरावाच्या दिवसांत तो ती पिशवीत उलटी, तोंड खाली करून ठेवी, आणि रात्री कोटाखाली दडवून खोलीवर नेई. स्पर्धा सुरू होण्यापूर्वी कोणा अधिकाऱ्याने पाहिली तर बंदी येईल, ही भीती. तो २८३ फटक्यांत जिंकला. तोवरचा हा विक्रम, आणि दुसऱ्या क्रमांकाच्या खेळाडूपेक्षा पाच फटके कमी. काही आठवड्यांच्या आत त्याने अमेरिकेची ओपनही जिंकली, शेवटचे २८ होल १०० फटक्यांत संपवून.

ही काठी मात्र बाद झाली नाही. तोंड सपाट होते, चेंडूला एकदाच हाणीत होती, आणि जे काही नवे होते ते तळव्याशी होते. विल्सन कंपनीने ती बाजारात आणली. ज्याला वाळूची भीती वाटे असा कोणताही साधा खेळाडू ती दुकानातून विकत घेऊ शकला.

कोटाखाली दडविलेल्या त्या काठीपाशी मी बराच रेंगाळलो. त्याचे कारण व्यक्तिगत आहे.

इयत्ता आठवीत आम्हाला चौरंग करावा लागे. पायाचे कूस वरच्या फळीच्या सालात घट्ट बसले पाहिजे, हा गुरुजींचा दंडक. गुरुजी कलाभवनात शिकलेले. डोळ्याने काटकोन ओळखता आल्याखेरीज ते गुण्या हातात देत नसत. माझ्या चौरंगाचा एक पाय सैल झाला. परीक्षेच्या आदल्या दिवशी मी एक बारीक पाचर त्या सालात ठोकली, वरून सरस आणि लाकडाचा भुसा भरला, पॉलिश कागदाने घासून सपाट केले. कोणालाही दिसले नसते. गुरुजींनी चौरंग उलटा केला, अंगठा फिरविला, आणि मला सगळ्यांसमोर उभे केले. छडी मिळणार म्हणून मी हात पुढे केला. त्यांनी पटाशीने तो भुसा उकरून काढला आणि म्हणाले, "पाचर मारली याबद्दल मी काही म्हणत नाही. चांगले सुतारही मारतात. पण ती कुसाच्या मध्यात चीर देऊन, उजळ माथ्याने मारतात. तू दडवलीस, म्हणून ती तिरपी गेली. सहा महिन्यांत फळी फुटेल." गुण त्यांनी निम्मे दिले. वर्गापुढच्या त्या पाच मिनिटांची लाज मला पुढे कित्येक वर्षे पुरली.

पुढे मी स्वतः परीक्षक झालो, प्राध्यापक झालो, आणि गाइडे वाचून उत्तरे लिहिणाऱ्या मुलांशी फार कठोरपणे वागलो. गुरुजींचे वाक्य मी अर्धेच लक्षात ठेवले होते. ते पाचरेच्या विरुद्ध नव्हतेच. ज्यांच्या घरात मराठीचे एक पुस्तक नव्हते, अशा मुलांना त्या गाइडाने वाळूतून बाहेर काढले असेल, हा विचार मला सेवेत असताना शिवला नाही. मला गोल्फच्या मैदानावर नेणारा विद्यार्थी त्यांपैकीच एक. त्याने हे मला कधी बोलून दाखविले नाही. मीच परतताना विचारले, तेव्हा हसला आणि गाडी चालवीत राहिला.

असो. काठीकडे परत येतो.

१९३८ मध्ये अमेरिकेत आणि पुढच्या वर्षी ब्रिटनमध्ये पिशवीत चौदाहून अधिक काठ्या ठेवू नयेत असा नियम झाला. त्याआधी काही जण वीस-पंचवीस बाळगीत. हा नियम मला सर्वांत शहाणपणाचा वाटतो. कोणते हत्यार वापरावे यावर त्याने बंधन घातले नाही. एक घ्यायचे तर दुसरे सोडा, एवढेच सांगितले. १९८०च्या सुमारास डेव्ह पेल्झ या, पूर्वी नासात काम केलेल्या भौतिकशास्त्रज्ञाने खेळाडूंचे फटके मोजून दाखविले की, सामने बहुधा होलजवळच्या शंभर यार्डांत जिंकले-हरले जातात. त्याने साठ अंशांची तिसरी पाचर सुचविली. टॉम काइटने ती पिशवीत घातली, म्हणजे दुसरी एखादी काठी काढली, आणि १९८१ मध्ये अमेरिकी दौऱ्यावरील कमाईत तो पहिला आला. आता साठ अंशांची काठी शिकाऊ लोकांच्याही हाती दिसते, आणि अनेकदा ती त्यांचे नुकसानच करते. कल जितका अधिक, तितका जोराचा फटका मारून चेंडू थोडाच दूर जायचा. पुरता जोर लावण्याचे धैर्य नसले की माझ्यासारखे ढेकूळ उडते.

याउलट उदाहरण स्पेनचे. सेव्हे बायेस्तेरोस (जन्म १९५७) याला लहानपणी पेद्रेन्याच्या समुद्रकिनाऱ्यावर खेळायला एकच काठी होती, तीन क्रमांकाची लोखंडी, फारच थोड्या कलाची. त्याच काठीचे तोंड मनगटाने उघडून तो वाळूतून चेंडू उंच काढायला शिकला. पाचर हाती आल्यावर त्याने तिच्याकडून जी कामे करून घेतली, ती पाचर घेऊनच शिकलेल्यांना जमली नाहीत. हे ऐकून गुण्या न देणारे गुरुजी नक्की खूष झाले असते. पण तेवढ्यावरून सगळ्या मुलांना तीन क्रमांकाचीच काठी द्यावी असे मी म्हणणार नाही. किनाऱ्यावर कंटाळून घरी गेलेल्या मुलांची नावे कोणी नोंदवून ठेवलेली नाहीत.

खाचांचा वाद पुन्हा उपटलाच. १९८०च्या दशकात 'पिंग' कंपनीच्या काठ्यांवरील खाचांच्या मोजमापावरून कंपनी आणि अमेरिकी संघ न्यायालयापर्यंत गेले. १९९० मध्ये तडजोड होऊन आधीच्या काठ्या कायम वैध ठरल्या. २०१० मध्ये व्यावसायिकांसाठी नव्या पाचरांच्या खाचा बोथट आणि उथळ करण्यात आल्या, कारण उंच गवतातूनही चेंडू हवा तसा थांबू लागला आणि सरळ फटका मारणाऱ्याचे मोल घटले. तेव्हा फिल मिकलसनने वीस वर्षांपूर्वीची ती पिंग पाचर बाहेर काढली. गदारोळ झाला. पण १९९०च्या तडजोडीनुसार ती वैध होती आणि त्याने ती दडविली नव्हती. काही आठवड्यांत कंपनीनेच आपला हक्क सोडला. हौशी खेळाडूंना जुन्या खाचांची मोकळीक किमान २०२४ पर्यंत देण्यात आली होती.

सॅराझेनची एक गोष्ट राहिली. १९७३ साली, ७१व्या वर्षी, तो स्कॉटलंडात ट्रून येथे ओपन खेळायला आला. तेथील आठवा होल लहान. हिरवळ एवढीशी की तिला 'पोस्टाचे तिकीट' म्हणतात. पहिल्या दिवशी पाच क्रमांकाच्या काठीने त्याने चेंडू एकाच फटक्यात होलमध्ये घातला. दुसऱ्या दिवशी त्याच होलवर चेंडू बंकरमध्ये गेला. म्हाताऱ्याने पाचर काढली, चेंडूच्या मागे वाळूत मारली, आणि चेंडू वर येऊन सरळ होलमध्ये गेला. दोन दिवसांत तो होल त्याने तीन फटक्यांत खेळला, आणि पटर एकदाही बाहेर काढला नाही. तोवर ती काठी दडविण्याचे कारण उरले नव्हते. जमलेल्या प्रत्येक खेळाडूच्या पिशवीत तसली एक होतीच.

माझा चौरंग गुरुजींनी म्हटल्याप्रमाणे सहा महिन्यांत फुटला नाही. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत त्यांनी मला बोलावून ती पाचर उपसून काढविली, कुसात मध्यावर चीर देवविली आणि नवी, शिसवीची, काळी पाचर माझ्याकडूनच ठोकविली. सागवानाच्या फळीवर ती आजही लांबून दिसते. दर वर्षी गणपती त्याच चौरंगावर बसतो.